दारातला पहारेकरी

“जन्मभर चित्रं काढलीस आणि आता गेम आर्ट सोडून गेम प्रोग्रॅमिंगच्या कोर्सला जाणार म्हणतेस. हे खूळ कोणी घातलं डोक्यात?” बाबांनी चष्मा कपाळावर चढवला.

“कोणी नाही. माझं मीच ठरवलं,” मुलगी म्हणाली.

बाबांना ते पटलं नाही. त्या कोर्सला कोणीतरी मित्र असणार, नाहीतर कॉलेजवाल्यांनी गळाला लावलं असणार. “तू केलेला गेम दाखव बघू. की तोही दुसऱ्याचाच?”

तिने लॅपटॉप त्यांच्यापुढे सरकवला. पडद्यावर एक घर होतं. दारात मिशीवाला पहारेकरी उभा होता, चष्मा कपाळावर चढवलेला. बाहेर जाऊ पाहणाऱ्या मुलीला त्याने विचारलं, “कुठे निघालीस?”

खाली उत्तरं दिली होती. बाबांनी ‘मैत्रिणीकडे’ निवडलं.

“खरं सांग,” पहारेकरी म्हणाला.

त्यांनी ‘लायब्ररीत’ निवडलं, मग ‘इथेच कोपऱ्यावर’. पहारेकरी हलला नाही. “खरं सांग.”

बाबांनी कपाळावरचा चष्मा हळूच खाली घेतला. “हा बाजूला कधी होतो?”

“चित्र जमलंय, बाबा. त्याला बाजूला कसं करायचं, तेवढं शिकायचंय.”