तिसरा वाडगा

"काल म्हटलं की झालंच ना, बाई? मग क्रियापदाला कशाला छळायचं?" इंग्रजीच्या शिकवणीत थोआ आजी माझ्याशी रोज भांडायच्या. आमच्या व्हिएतनामीत क्रियापद काळाप्रमाणे बदलत नाही, त्यामुळे अडखळतात सगळेच. पण अमेरिकेतल्या नातीशी बोलायचं म्हणून आजींनी सत्तरीत सगळे भूतकाळ घोकले. फक्त एक वाक्य त्या बदलेनात : 'माझ्या नवऱ्याला माशाचं आंबट सार आवडतं.' नवरा बहात्तर साली लढाईवर गेला तो परतलाच नाही, प्रेतही सापडलं नाही. आजी रोज जेवताना चटईवर त्याचा वाडगा मांडायच्या. मीही ते वाक्य तसंच सोडलं होतं.

परवा, तो घरातून निघाला त्या तारखेला, त्यांनी मला जेवायला बोलावलं. चटईवर दोनच वाडगे होते. तिसरा पूर्वजांच्या देव्हाऱ्यात, त्याच्या फोटोपुढे, उदबत्तीशेजारी वाफाळत होता.

"काही कळलं का त्यांचं?" मी विचारलं.

"कुठलं काय! पण मी गेल्यावर त्याला कोण वाढणार, बाई? नात वर्षातून एकदा, श्राद्धाला, वाडगा ठेवील, पण तो मेलेल्यालाच ठेवतात."

मग त्यांनी वही पुढे केली. "ते वाक्य तेवढं तुम्ही बदला. माझा हात धजत नाही."