तिसरा शब्द

मॅडमच्या चिमटीत कापसाचा पुंजका होता. अर्धा पांढरा, अर्धा पिवळा, मधोमध लाल ठिपका.

"स्टेन?" त्यांनी विचारलं. "ऑर कंटॅमिनेशन?"

सगळ्या बाया दीपाकडे पाहू लागल्या.

दोन्हींचा अर्थ, खराब. यवतमाळच्या इंग्रजीच्या क्लासमध्ये दीपा पोरांना असंच शिकवायची. हाही खराब, तोही खराब, चला पुढचा शब्द. पण मॅडम कोईमतूरच्या सूतगिरणीतून माल पाहायला आल्या होत्या, त्यांना ना मराठी येत होती ना हिंदी, आणि गावातल्या बायांच्या गटानं पहिल्यांदाच एकत्र विकायला काढलेला कापूस त्यांच्या एका शब्दावर अडला होता. गोदामाबाहेर ट्रक उभा. भरून जायचा, नाहीतर रिकामा.

"काय म्हणते वं?" कोकिळाबाईंनी विचारलं. गट त्यांनी उभा केलेला.

"काकू, हे पिवळं कशाचं व्हय?"

कोकिळाबाईंना हसू आलं. कशाचं म्हणजे, सीतादहीचं. वेचणीच्या पहिल्या दिवशी शेतात दहीभात ठेवायचा, पहिल्या कापसाला हळदकुंकू लावायचं आणि तो कापूस ढिगातच मिसळायचा, म्हणजे ढीग सरत नाही. प्रत्येक घरानं आपापला आणून टाकला होता. तुमच्यात नसते म्हणून तुले माहीत नाही, असं त्या सहज बोलून गेल्या. दीपाचं घर बुद्धविहारामागं. बाकी सगळं तिनं मॅडमना इंग्रजीत सांगितलं. 'तुमच्यात' तेवढं गाळलं.

मॅडमनी ऐकलं. मग हातवारे करत, सावकाश, समजावू लागल्या.

स्टेन म्हणजे कापसाचा स्वतःचाच रंग बिघडलेला. पावसानं, किडीनं. तो घेता येतो, दर्जा थोडा उतरवून.

"कवडी," दीपाचं ऐकून गटातली नलू म्हणाली. बरोबर. कवडी.

कंटॅमिनेशन म्हणजे बाहेरचं काही आत शिरलेलं. पोत्याची सुतळी, केस, साडीचा धागा. किंवा हळद. ते सुतात जातं आणि पुढं कापडावर उठून दिसतं. असा माल परत.

"भेसळ म्हणते," दीपानं सांगितलं, आणि सांगताक्षणीच तिला कळलं की हे नव्हे. पण शब्द सुटला होता.

"भेसळ?" नलू उठून उभी राहिली. "देवाच्या हळदीले?"

मॅडमना वाटलं, यांना पटलं. म्हणून त्यांनी आणखी एक सांगितलं. उद्या कापडातून एक जरी तक्रार निघाली, तर हा गटच टेंटेड.

"टेंट कायले?" नलू म्हणाली. "लग्न हाय का कोणाचं?"

बाया हसल्या. न कळता मॅडमही हसल्या. दीपानं अर्थ विचारला, आणि मॅडम सांगत गेल्या तशी ती नुसतीच ऐकत राहिली. मालात काही दिसत नाही. माल धुतल्यासारखा स्वच्छ. पण एकदा नाव पडलं, की कोणी हात लावत नाही. पुढच्या वर्षी नाही. त्याच्या पुढच्याही वर्षी...

डाग नव्हे.

भेसळ तर नव्हेच.

जिभेवर आला तो शब्द होता विटाळ. दीपानं तो गिळला.

"तिसरं काय म्हणाली?"

"काही नाही, काकू. नाव खराब होते म्हणते."

फिरून खराब.

तोड मॅडमनीच काढली. रंगलेले पुंजके आत्ता, समोर, निवडून काढा. ढीग साफ झाला की ट्रक भरा. दीपानं हे बायांना सांगितलं, आणि कोणीही हललं नाही. पूजेचा कापूस आपल्याच हातानं उपसायचा म्हणजे बरकत उपसून बाहेर टाकायची. नलूनं दोन्ही हात पदराखाली घेतले. ट्रकवाल्यानं हॉर्न वाजवला.

"तूच काढ न वं, दीपा," कोकिळाबाई म्हणाल्या. आवाज अगदी मऊ. "तुले नाही दोष लागत."

याचं भाषांतर कोणी मागितलं नाही.

दीपा ढिगात शिरली. ओढणीची ओटी केली. एक पुंजका. आणखी एक. बाया लांबून बोटं दाखवत होत्या. तिकडं पाह्य बाई, डाव्या अंगाले. तो आमचा हाय, हळू काढ. त्यांच्या देवाला हात लावायला त्यांनीच तिला सांगितलं होतं, आणि यात आपला मान झाला की...

ते तिला ठरवता येईना. ती काढत राहिली.

मॅडमनी ढिगात कोपरापर्यंत हात घालून पाहिलं, मान हलवली. ट्रक भरू लागला. काढलेला कापूस कोकिळाबाईंनी सुपात घेतला, कपाळाला लावला, आत नेऊन ठेवला, आणि येताना पाण्याचा लोटा घेऊन आल्या.

"ये, हात धू. दमली माही पोरगी."

दीपानं ओंजळ पुढं केली. बोटं पिवळी झाली होती. मॅडमनी ती पाहिली आणि गमतीनं विचारलं, "स्टेन?"

दीपा हसली.

पाण्याची धार सुरू झाली. लोटा तिच्या हातांपासून उंच धरलेला होता. सकाळी मॅडम आल्या तेव्हा त्यांच्याही हातांवर कोकिळाबाईंनी याच लोट्यानं पाणी घातलं होतं, आणि दीपा तिथंच उभी होती. तेव्हा तो किती उंच धरला होता?

पाणी पडत राहिलं. तिला काही केल्या आठवेना.