गाडी सुरू झाली की

“मारा सेल्फ!” मिस्त्री बॉनेटमागून ओरडले.

घड्याळवाल्यांनी सेल्फ मारला. गाडी दोनदा खाकरली आणि गप्प बसली.

“नाही म्हणतेय,” मिस्त्री म्हणाले.

“वय बघा तिचं. आपल्या दोघांपेक्षा मोठी आहे. मोठ्यांना घाई करू नये.”

“मग चहा टाका. इंजिन गरम होत नाही, निदान आपण तरी होऊ.”

दर रविवार असाच जायचा. घड्याळवाल्यांनी चाळीस वर्षं लोकांची घड्याळं दुरुस्त केली आणि एक दिवस दुकान बंद केलं. पुढे बायको गेली, घर खायला उठलं, तेव्हा त्यांनी भंगारातून ही गाडी उचलून आणली. मुलगी म्हणाली, बाबांचं डोकं फिरलं. मागच्या गल्लीतले मिस्त्री मात्र नुसतं बघायला म्हणून आले, गाडीभोवती तीन चकरा मारल्या आणि पुढच्या रविवारी हत्यारांची पिशवी घेऊन हजर झाले. त्यांचं गॅरेज मुलानं विकून टाकलं होतं. घरात त्यांना खुर्ची होती, काम नव्हतं.

या गोष्टीला सहा वर्षं झाली. दोघांनी मिळून पत्रा ठोकला, सीटा शिवून घेतल्या, सगळं इंजिन सुटं करून पुन्हा बांधलं. सोमवार ते शनिवार मात्र घड्याळवाल्यांशी बोलायला दुसरं कुणी नसे. फक्त परगावच्या मुलीचा फोन, आणि त्यात रोज तेच.

“बाबा, बाथरूममध्ये पडलात तेव्हा कोण होतं जवळ? ते घर सोडा आणि इकडे या.”

“गाडी सुरू झाली की येतो. शब्द दिलाय ना तुला?”

हा शब्द मिस्त्रींनाही ठाऊक होता.

आता खरं सांगायचं तर गाडी दीड वर्षापूर्वीच सुरू झाली होती. मंगळवारची दुपार, घड्याळवाले एकटेच. सहज सेल्फ मारला आणि बाईसाहेब पहिल्या हाकेला जाग्या झाल्या. आनंद व्हायचा तो राहिला बाजूला, म्हातारा धास्तावलाच. गाडी सुरू म्हणजे घराला कुलूप आणि रविवार संपले. त्यांनी झटकन इंजिन बंद केलं, कुणी ऐकलं तर नाही ना म्हणून खिडकीतून डोकावले, आणि मुलगी मागे विसरून गेलेली बिनरंगी नेलपॉलिशची बाटली शोधून काढली. इंजिनाची ठिणगी ज्यांच्या जिवावर पडते ते दोन चिमुकले पॉइंट असतात. त्यांवर पॉलिशचा एक हात दिला की ठिणगी बंद, आणि डोळ्यांना दिसत तर काहीच नाही. जन्मभर डोळ्याला भिंग लावून बसलेल्या माणसाला यात काय अवघड?

तेव्हापासून दर शनिवारी, खात्रीला म्हणून, एक हात. रविवारी मिस्त्री यायचे, झाकणं उघडायचे, पुसायचे, फुंकर मारायचे. सापडायचं नाही. नुसत्या आवाजावरून गाडीचं दुखणं सांगणारा माणूस हो! डोळे गेले बिचाऱ्याचे, असं घड्याळवाले मनाशी म्हणायचे, त्यांना मनापासून वाईट वाटायचं, आणि पुढच्या शनिवारी पुन्हा बाटली निघायची.

मग गेल्या महिन्यात मुलगी स्वतःच आली. हाताची घडी घालून गाडीपाशी उभी राहिली.

“मिस्त्रीकाका, राग मानू नका. तुमच्याच्यानं होत नसेल तर सांगा. पुढच्या खेपेला मी दुसरा माणूस आणते.”

मिस्त्री फडक्यानं हात पुसत राहिले. “वय झालं, ताई,” एवढंच म्हणाले. त्या दिवशी चहाला थांबले नाहीत.

ते घड्याळवाल्यांच्या जिव्हारी लागलं. आपला एकटेपणा टळावा म्हणून आपण एका चांगल्या कारागिराची अब्रू घालवतोय, याची त्यांना भयंकर लाज वाटली. मुलगी पुन्हा यायची होती त्याच्या आदल्या दिवशी, शनिवारी, त्यांनी पॉइंट घासून लख्ख केले आणि सेल्फ मारला. पाच मिनिटं इंजिन न अडखळता चाललं. स्टिअरिंगवर डोकं टेकून ते रडले. मग आत जाऊन त्यांनी कपड्यांची बॅग भरली.

रविवारी मुलगी आली. मिस्त्रीही आले, तिची नजर चुकवतच.

“मिस्त्री, आज होणार बघा,” घड्याळवाले उसन्या उत्साहानं म्हणाले. “माझं मन सांगतंय.”

मिस्त्रींनी त्यांच्याकडे पाहिलं, मग दाराशी ठेवलेल्या बॅगेकडे पाहिलं. बॉनेट उघडून ते आत वाकले. आज जरा जास्तच वेळ वाकून राहिले.

“मारा सेल्फ.”

घड्याळवाल्यांनी सेल्फ मारला. पुन्हा मारला. तिसऱ्यांदा मारला. गाडी ढिम्म. आज तर खाकरलीसुद्धा नाही.

“काका, सोडा आता,” मुलगी म्हणाली.

“नाही येत मला, ताई. चुकतंय माझं काहीतरी,” मिस्त्रींनी चक्क हात जोडले. “पण दुसरा माणूस आणू नका. वर्षभर तरी द्या मला.”

पांढऱ्या केसांच्या माणसानं असे हात जोडलेले तिला बघवेनात. “बरं काका, बरं,” म्हणत ती नवऱ्याला फोन करायला आत गेली. बाबा इतक्यात काही येत नाहीत, हे सांगणं भाग होतं.

घड्याळवाले गाडीतून उतरले. काल चाललेली गाडी आज अशी कशी बंद पडली, काही कळेना. ते मिस्त्रींच्या शेजारी जाऊन बॉनेटखाली वाकले.

“मिस्त्री, तुमची शपथ घेऊन सांगतो, आज मी...”

“हळू बोला, ताई ऐकतील,” मिस्त्री म्हणाले. “दीड वर्षात आज पहिल्यांदाच तुम्ही काही बिघडवलं नव्हतंत. मग मला बिघडवावं लागलं.”