पलीकडची बाजू

फौजेतून निवृत्त होऊन राष्ट्राराष्ट्रांतले तंटे मिटवण्याचा अभ्यास करायला आलेल्या गृहस्थांना वर्गात मामा म्हणायचे. एकदा सीमावादावर सरावाची बोलणी होती; दोन्ही देशांच्या वतीनं विद्यार्थीच बोलणार होते. चिठ्ठ्या टाकल्या आणि मामांच्या वाट्याला नेमकी शत्रुदेशाची पाटी आली. त्याच सीमेवर मामांच्या पायात गोळी घुसली होती. "पाटी बदलून देऊ?" शिकवणाऱ्या बाईंनी हळूच विचारलं. "कशाला? आठ वर्षं दुर्बिणीतून त्यांनाच बघत होतो. माझ्याइतकं त्यांना इथं कोण ओळखतं?" मामा समोर आपल्या देशाची पाटी घेऊन बसलेल्या मुलीकडे वळले. "ताई, डोंगर कुणाचा ते नंतर बघू. चौकीवरची आमची पोरं प्यायचं पाणी तासभर चढून आणतात. जवळचा झरा तुमच्या बंदुकीच्या टप्प्यात आहे. आधी पाण्याचं बोलू." डोंगरावर हक्क सांगणारी दहा पानं मुलीनं लिहून आणली होती. ती बाजूला सारून तिनं विचारलं, "पाण्याला सकाळी याल की संध्याकाळी?"