दोन गाण्यांच्या मध्ये

"मध्ये जागा सोडायची नाही. अजिबात," बाबा मुलीच्या खुर्चीमागे उभे राहून म्हणाले.

"बाबा, दोन सेकंद तर असतात. कॉम्प्युटर आपणहून सोडतो."

"दोन सेकंद काय कमी झाले? तेवढ्यात तुझी आई चार प्रश्न विचारते."

मुलगी हसली नाही. एरवी हसली असती. ती कॉलेजात असताना 'तो धांगडधिंगा बंद कर' म्हणून घर डोक्यावर घेणारा हाच माणूस. आता तोच तिच्याकडे दणदणीत गाणी मागत होता, एकाला एक चिकटवून. गाडीतला स्टिरिओ जुना, तोही मानी. गाणी नुसती कॉपी करून दिली की सीडी परत बाहेर ढकलायचा. पहिल्या दोन अशाच वाया गेल्या होत्या. "एवढं शिकून स्टिरिओपुढे हात टेकलेस?" असं बाबा म्हणाले खरे, पण त्यात नेहमीचा जोर नव्हता.

जोर कुठे गेला ते मुलीला माहीत होतं. मागच्या आठवड्यात आईला सलाईन लावलेलं असताना डॉक्टरांनी बाबांना केबिनमध्ये बोलावून घेतलं. औषध लागू पडत नाहीये, म्हणाले. आता आपल्या हातात फारसं काही नाही. बाबांनी ते फक्त मुलीला सांगितलं, तेही गाडीत बसून, काचा वर करून. आणि बजावलं, "आईला मी सांगेन. माझं मी सांगेन. तू मध्ये पडू नकोस."

पण ते काही जमत नव्हतं. हॉस्पिटलला जायला तास, यायला तास, आणि गाडीत दोघंच. आई विचारायची, "डॉक्टर काय म्हणाले हो?" बाबा म्हणायचे, "थांब, सिग्नल बघू दे." सिग्नल तरी किती वेळ पुरणार? बाबांना खोटं बोलता येत नाही. बोलले की कान लाल होतात, आणि ते कान आईला लग्नापासून पाठ आहेत.

म्हणून ही सीडी.

मुलीनं 'दोन गाण्यांमधलं अंतर' लिहिलेल्या चौकटीत शून्य टाकलं. गाणी शेवटी हळूहळू विरत जातात, ती शेपटंही बाबांच्या सांगण्यावरून कापली. मग पडद्यावरची पट्टी सावकाश भरायला लागली. "आता कशाला हात लावू नका, नाहीतर हीपण फुकट जाईल," ती म्हणाली. बाबांनी हात पाठीमागे बांधले. श्वाससुद्धा बेतानं घेतला. कोमट सीडी बाहेर आली तशी त्यांनी ती कडेनं धरून खिडकीपाशी नेली आणि उजेडात फिरवून फिरवून बघितली.

"नाही दिसत कुठे जागा," ते म्हणाले. त्यांना खरंच बरं वाटलं.

तेव्हापासून हॉस्पिटलच्या फेऱ्या वाजतगाजत सुरू झाल्या. गाडी गल्लीत वळायच्या आधी तिचा ढोलक ऐकू यायचा. कोपऱ्यावरच्या शिंप्यानं तर एकदा मशीन थांबवून हाक मारली, "काय काका, म्हातारपणी रंगात आलात!" बाबांनी हात वर केला, हसल्यासारखं केलं. आई शेजारी स्वस्थ बसलेली असायची. ती आता काही विचारत नव्हती. घरीसुद्धा नाही. मुलीला वाटलं, जमलं. तिला हायसं वाटलं आणि हायसं वाटल्याची लाजही वाटली.

एका दुपारी बाबा खाली गाडी धूत होते. आई भिंतीचा आधार घेत घेत मुलीच्या खोलीत आली, पलंगाच्या कडेला टेकली. जरा दम खाल्ला.

"ठकू, मला एक सीडी करून देतेस?"

"कंटाळलीस ना त्या गोंगाटाला? तुझी जुनी गाणी घालते."

"नको, हीच राहू देत. बरी आहेत की. पाठ झालीत आता मला. फक्त मध्ये जागा सोड."

मुलीचा हात माऊसवर थांबला. "किती?"

"चांगली मोठी. घसा खाकरून माणसाला बोलायला सुरुवात करता येईल, एवढी."

मुलीला वाटलं, आई आता गाडीतच बाबांना विचारणार. बाबांना दिलेला शब्द मोडायचा नव्हता, आणि भर रस्त्यात, चालत्या गाडीत, त्यांना असं कोंडीतही पकडू द्यायचं नव्हतं. ती खुर्चीवरून उठून आईपाशी खाली बसली.

"आई, नको ना. त्यांना काही विचारू नकोस. त्यांना नाही गं झेपणार."

"मी कशाला विचारू?" आईनं तिच्या केसांवरून हात फिरवला. "माझं शरीर मला सांगत नाही होय? आणि सुई लावताना त्या सिस्टर हल्ली माझ्याशी किती गोड बोलतात. कळलंय मला सगळं."

खाली बादली ओतल्याचा आवाज झाला. मुलीला रडू आवरेना. आईनं तिला रडू दिलं, आणि मग अगदी हळू आवाजात म्हणाली,

"त्यांना सांगायचंय गं, ठकू. दर वेळी सांगायचं ठरवूनच निघतात. गाणं संपत आलं की स्टिअरिंग घट्ट धरतात, माझ्याकडे बघतात, तोंड उघडतात, आणि तुझं पुढचं गाणं सुरू होतं."