दर्याचा नारळ

सामान तपासणाऱ्याने हरकूबाईच्या पिशवीतून नारळ बाहेर काढला. "मावशी, बाहेरचं खाणं जहाजावर चालत नाही."

"खायला नाय रे बाबा, दर्याला द्यायचाय." तिने मागे उभ्या असलेल्या आपल्या मुलाकडे बोट दाखवलं. " ह्याचा बापूस तिथंच राहिला, होडीसकट."

"आई, लोक खोळंबलेत," म्हणत मुलानेच नारळ कचऱ्याच्या डब्यात टाकला.

जहाज निघाल्यावर त्याने रंगीत छत्री खोचलेलं शहाळं तिच्या हातात ठेवलं. "घे, हाही नारळच."

"फुटका देतात होय रे दर्याला?"

"इथून काहीच टाकायचं नसतं, आई."

कठड्यावरच्या आपल्या उजव्या मनगटाकडे ती बघत राहिली. लग्नात कोळ्यांच्या रीतीप्रमाणे त्या हातातल्या साऱ्या बांगड्या तिने दर्याला वाहिल्या होत्या, धन्याला सांभाळ म्हणून. दर्याने बांगड्याही ठेवून घेतल्या आणि धनीही.

"तेव्हा मेलं कुणी अडवलं नाय," ती म्हणाली.