गोगलगाय

बाबांची दृष्टी गेली होती, आणि हल्ली आठवणींच्याही गाठी सैल होत चालल्या होत्या. पण लेक खोलीत येऊन "चहा आणलाय," म्हणाली, की त्यांचा चेहरा उजळायचा. "आलीस का गं गोगलगाई? चहा पिकवायला गेली होतीस की काय?"

गोगलगाय म्हणजे आई. ती जाऊन कितीतरी वर्षं झाली होती.

गेल्या हिवाळ्यापासून लेकीचा आवाज घोगरा आणि जड झाला होता, थेट आईसारखा. आता भर उन्हाळ्यातही तिच्या अंगात स्वेटर होता आणि कंगव्यात केसांचे पुंजके. "थायरॉइड म्हणजे शरीराची शेगडी," डॉक्टरीणबाईंनी स्वतःच्या गळ्यावर बोट ठेवून सांगितलं. "ती मंदावली की अख्खा माणूस मंदावतो. रोज सकाळी उपाशीपोटी एक गोळी घ्या. आवाजही होईल पूर्वीसारखा."

गोळ्यांचं पाकीट तिने न फोडताच डब्यांच्या मागे सरकवलं. बाबांची बायको दुसऱ्यांदा कशी हिरावून घ्यायची?

त्या संध्याकाळी कप घेताना बाबांनी चाचपडत तिचा हात धरला. त्यांचं हसू मावळलं.

"अजून गारच आहेस का गं? मागच्या वेळी माझं ऐकलं नाहीस. या वेळी तरी डॉक्टरकडे जा."

"जाते हो," लेक म्हणाली. आवाज आईचा होता. शब्द मात्र आईने कधीच न उच्चारलेले.